पीएमयूची ‘स्टार्टर किट’: पेटीतलं काय वापरावं, काय बाजूला ठेवावं

पर्मनंट मेकअपच्या (पीएमयू, म्हणजे सुईने कातडीत रंग भरायच्या कामाच्या) तीन दिवसांच्या क्लासची फी भरली की शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटबरोबर एक काळी झिपवाली पेटी हातात पडते. हीच पेटी ऑनलाईनही मिळते. वरचं नाव बदलतं, आतला माल साधारण तोच. पेनासारखं रोटरी मशीन, अ‍ॅडॅप्टर, कार्ट्रिजचा (मशीनला लावायच्या बदलत्या सुयांचा) खोका, मायक्रोब्लेडिंगची (हातानेच बारीक रेघा कापून रंग भरायची) दोन-तीन हॅन्डल, वीस-बावीस रंगांच्या चिमुकल्या बाटल्या, नंबिंगची (कातडी बधिर करायच्या क्रीमची) ट्यूब, रबरी प्रॅक्टिस स्किन, स्टिकरची पट्टी, कंपास आणि मॅपिंगचा (भुवईचा आकार आखायचा) दोरा. पार्लर चालवता चालवता भुवया आणि ओठांच्या कामात उतरायचं असेल, तर ही पेटी घ्यावी का? सरावासाठी खुशाल घ्या. मात्र यातली जी वस्तू माणसाच्या कातडीच्या आत जाते, म्हणजे सुया, रंग आणि नंबिंग, ती क्लायंटवर वापरू नका. जाहिरात नेमकी याच तीन वस्तूंची जोरात असते.

आधी मशीन. किटमधलं पेन चालू केलं की आवाज बरा येतो, पण कार्ट्रिज लावून सुईचं टोक उजेडात धरा. सुई सरळ वर-खाली व्हायला हवी. ती बाजूला थरथरत असेल तर रेघ जाड उमटते आणि एकाच जागी कातडी फाटत जाते. लेटेक्सवर, म्हणजे रबरी प्रॅक्टिस स्किनवर, हा दोष दिसत नाही, कारण लेटेक्समधून रक्त येत नाही. स्ट्रोकची, म्हणजे सुईच्या वर-खाली होण्याची, लांबी किती मिलिमीटर, हे किटच्या कागदावर बहुधा नसतंच. नाजूक शेडिंगसाठी (बारीक ठिपक्यांनी रंग भरायला) अडीच ते तीन मिलिमीटरचा स्ट्रोक सोयीचा. लांब स्ट्रोकचं मशीन नवख्या हातात सुई जास्त खोल नेतं. भुवईत रंग साधारण अर्धा मिलिमीटर ते जेमतेम एक मिलिमीटर खोलीवर बसायला हवा. वर राहिला तर खपलीबरोबर निघून जातो. खाली गेला तर पसरतो आणि वरच्या थरांतून निळसर-राखाडी दिसू लागतो. ‘माझ्या भुवया निळ्या झाल्या’ या तक्रारीत रंगाचा दोष असतो तितकाच खोलीचाही असतो.

कार्ट्रिज नीट पारखून घ्या. ब्लिस्टरवर (सीलबंद पाकिटावर) ‘१००३ आरएल’ असं लिहिलेलं असेल तर सुईची जाडी ०.३० मिलिमीटर आणि गोल बांधलेल्या तीन सुया. ‘०८०१ आरएल’ म्हणजे ०.२५ मिलिमीटरची एकच सुई. सुरुवातीच्या शेडिंगला एक सुई आणि तीन सुया, हे दोनच प्रकार पुरतात. चार गोष्टी बघा: प्रत्येक कार्ट्रिजचं वेगळं सीलबंद पाकीट, त्यावर निर्जंतुकीकरणाची पद्धत (बहुधा ईओ, म्हणजे इथिलीन ऑक्साईड गॅस), लॉट नंबर आणि एक्स्पायरी. किटमध्ये सुट्या पिशवीत दहा कार्ट्रिज एकत्र टाकलेली असतील तर ती सरावाची समजा. पाचवी गोष्ट पाकिटावर दिसत नाही, ती म्हणजे आतला मेम्ब्रेन, रंग मागे जाऊ न देणारा पातळ पडदा. मेम्ब्रेन नसेल तर रंग आणि रक्त मागे सरकून मशीनच्या तोंडात शिरतं, आणि मशीन काही ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालता येत नाही. पुढच्या बाईला तेच मशीन लागतं. पारखायचं असेल तर एक कार्ट्रिज वाया घालवा: मागून दांडा दाबून सोडा, सुई लगेच मागे यायला हवी. मग पुढच्या तोंडातून पाण्याचे दोन थेंब घालून दांडा दहा-बारा वेळा दाबा आणि मागची बाजू टिश्यूवर टेकवा. टिश्यू ओला झाला तर तो खोका क्लायंटच्या ट्रेवर नको. सुईचं टोक कापसावरून हलकेच ओढलं आणि धागे अडकले, तर टोकाला बारीक कुसळ आहे.

मायक्रोब्लेडिंगची धातूची हॅन्डल दिसायला भारी असतात, पण त्यांच्या खाचेत रंग आणि रक्त साठतं. प्रत्येक क्लायंटनंतर घासून, धुऊन, ऑटोक्लेव्ह करणार असाल तरच ती ठेवा. सीलबंद, एकदा वापरून टाकायचं पेन-ब्लेड स्वस्त पडतं. शिवाय आपल्याकडे ब्लेडिंगच्या मागे फार लागू नये. तेलकट त्वचा, मुंबई-कोकणातली दमट हवा आणि मुळातच दाट केस, अशा भुवयांवर कापलेल्या बारीक रेघा वर्षभरात एकमेकींत मिसळतात. अशा चेहऱ्यावर मशीनने केलेलं पावडर शेडिंग जास्त टिकतं आणि फिकटही एकसारखं होतं. क्लासमध्ये मात्र ब्लेडिंग आधी शिकवतात, कारण फोटो लगेच छान येतो.

आता रंग. बावीस बाटल्यांचा सेट बघून हुरळून जाऊ नका. एका भुवईला मोजके थेंब लागतात. उघडलेली बाटली लेबलवर दिलेल्या महिन्यांत, बहुधा बारा, संपवायची असते. बावीस रंग त्या मुदतीत संपणं शक्य नाही. सुरुवातीला भुवयांचे तीन ब्राऊन आणि केशरी छटेचा एक करेक्टर (नको असलेली छटा मारणारा रंग) इतकंच पुरतं. ओठांचं काम सुरू केलंत की आणखी तीन.

बाटलीच्या लेबलवर कलर इंडेक्स (सीआय) नंबर, म्हणजे प्रत्येक रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक, शोधा. सीआय ७७४९१ म्हणजे लाल आयर्न ऑक्साईड, ७७४९२ पिवळं, ७७४९९ काळं, ७७२६६ कार्बन ब्लॅक आणि ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साईड. हे नंबर कळले की रंग पुढे कसा वळेल याचा अंदाज बांधता येतो. आयर्न ऑक्साईडच्या मिश्रणातली लाल छटा मागे राहिली की भुवई विटकरी दिसते. कार्बन जास्त असलेला रंग टिकतो, पण थंड राखाडीकडे झुकतो. सावळ्या त्वचेवर ‘अ‍ॅश ब्राऊन’ थेट वापरला तर काही महिन्यांत भुवई शिशासारखी दिसू लागते, म्हणून त्यात उबदार छटा मिसळावी लागते. टायटॅनियम डायऑक्साईडवाला ‘कन्सीलर’ किटमध्ये असेल तर चूक झाकायला तो कधीही वापरू नका. नंतर लेझरने काढायला गेल्यास हा पांढरा, आणि लालसर आयर्न ऑक्साईडसुद्धा, काळा पडू शकतो. किटच्या बाटल्यांवर हे नंबर नसतात. ‘कॉफी’, ‘चॉकलेट’, ‘डार्क कॉफी’ एवढंच असतं. युरोपात जानेवारी २०२२ पासून टॅटू आणि पर्मनंट मेकअपच्या रंगांतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आल्या, त्यामुळे तिथल्या नियमात बसणाऱ्या बाटलीवर घटक आणि बॅच नंबर छापलेला असतो. तशी बाटली महाग पडते. पण तिच्यातून दहा-दहा क्लायंट होतात हे धरलं, तर एका क्लायंटमागचा फरक चहापाण्याइतका उरतो.

नंबिंगची ट्यूब तर थेट कचऱ्यात टाका. त्यावर ‘३९.९ टक्के’ असलं काही छापलेलं असतं आणि घटकांची धड यादी नसते. चार टक्क्यांपेक्षा जास्त लिडोकेन (बधिर करणारं औषध) असलेल्या, चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या अशा क्रीमबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) मार्च २०२४ मध्ये इशारा दिला होता: अनियमित ठोके, फिट, श्वासाचा त्रास. वरून क्लिंग फिल्म गुंडाळली किंवा सोललेल्या कातडीवर दुसरा थर दिला की औषध रक्तात आणखी जास्त उतरतं. आपल्या मेडिकलमध्ये लिग्नोकेन (लिडोकेनचंच दुसरं नाव) २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के असं क्रीम मिळतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, सांगितलं तेवढंच आणि डोळ्यात जाणार नाही असं लावा. तासभर थांबायची तयारी ठेवा. घाईत वीस मिनिटांत पुसलं की दुखतं, क्लायंट भुवई आक्रसते आणि रेघ हलते.

प्रॅक्टिस स्किन, कंपास, दोरा, पट्टी हा भाग मात्र पैसे वसूल. लेटेक्स एक मिलिमीटरचं पातळ असेल तर खाली टिश्यूची घडी ठेवा. टिश्यूवर रंग उमटला म्हणजे हात जड पडला. आधी व्हॅसलिनचा पातळ थर द्या, नाहीतर सांडलेला रंग पुसता येत नाही आणि खरी रेघ कुठली ते कळत नाही. कंपासच्या १.६१८ च्या (‘गोल्डन रेशो’च्या) हिशेबावर फार विसंबू नका. एक भुवई वर असलेले चेहरेच जास्त, तिथे हे माप गंडतं. खुणा क्लायंट बसलेली असताना, डोळे उघडे ठेवून करा. आडवं झाल्यावर कपाळाची कातडी मागे सरकते आणि टेबलावर जुळलेली जोडी उठल्यावर वाकडी निघते.

पेटीत नसलेल्या वस्तूंची यादी पेटीपेक्षा मोठी आहे. नायट्राईल ग्लोव्ह्ज, मशीन आणि वायरवर चढवायचं बॅरियर फिल्म, एकदा वापरायचे रंगाचे कप, हॉस्पिटलात असते तशी न टोचली जाणारी शार्प्सची (वापरलेल्या सुया टाकायची) पेटी. भरलेली पेटी ओल्या कचऱ्यात न टाकता जवळच्या दवाखान्याशी किंवा जैव कचरा नेणाऱ्या एजन्सीशी आधीच बोलून ठेवा. परत वापरायचं धातूचं सामान असेल तर ऑटोक्लेव्ह: १२१ अंश, १५ पीएसआय, किमान १५ मिनिटं. पार्लरमध्ये निळ्या दिव्याचा जो ‘स्टरलायझर’ डबा असतो, त्याने निर्जंतुकीकरण होत नाही. प्रकाश जिथे पडतो तिथेच त्याचा परिणाम, आणि चिमट्याच्या खाचेत प्रकाश जात नाही. स्वतःसाठी हिपॅटायटिस बीची लस घ्या: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा.

किटबरोबर कधीकधी इंग्रजी संमतीपत्राची झेरॉक्स येते. तिच्यावर सही घेऊन काही साधत नाही. मराठीत स्वतः लिहा. गरोदरपण, अंगावर पाजणं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आटोक्यात नसलेली शुगर, केलॉइडची (व्रण फुगून वाढण्याची) प्रवृत्ती, मुरमांसाठी गेल्या सहा महिन्यांत घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन हे प्रश्न हवेतच. कोड आहे का हेही विचारा, कारण कोड असलेल्या व्यक्तीला जिथे जखम होते तिथे नवा डाग उठू शकतो. ओठांचं काम असेल तर पूर्वी तापाचे फोड आले होते का ते विचारा; आले असतील तर डॉक्टरांकडून आधी गोळ्या सुरू झाल्याशिवाय सुई लावू नका. फोटोच्या परवानगीची सही वेगळी घ्या. रंगाचा आणि कार्ट्रिजचा लॉट नंबर त्याच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे कुणाला अ‍ॅलर्जी आली तर कोणत्या बाटलीवर बोट ठेवायचं ते कळेल.

‘दोन क्लायंटमध्ये किटचे पैसे वसूल’ असं विक्रेता सांगतो. हिशेब करून बघा. समजा भुवयांचे १२,००० रुपये घेतले, त्यात एक टचअप (रंग नीट करायची नंतरची बैठक) धरला. दोन्ही बैठकांचं सामान मिळून १,४०० गेलं. वेळ म्हणाल तर बोलणं-मॅपिंग अर्धा तास, पहिली बैठक तीन तास, टचअप दोन तास: साडेपाच तास. हाती तासाला १,९०० च्या आसपास, तेही भाडं आणि जाहिरात वजा करायच्या आधी. आता ‘ओपनिंग ऑफर’ म्हणून हेच काम ३,००० ला दिलं तर उरतात १,६००, म्हणजे तासाला २९०. दहा मिनिटांत होणारं ५० रुपयांचं थ्रेडिंग यापेक्षा जास्त देतं, तेही जोखमीशिवाय. सरावाची मॉडेल हवी असतील तर उघडपणे ‘मॉडेल’ म्हणा, सामानाचाच खर्च घ्या आणि बदल्यात सहा आठवड्यांनंतरचा फोटो मागा. कामाच्या दिवशीचा फोटो सगळ्यांचाच चांगला येतो; गिऱ्हाईक हील झालेल्या भुवया बघून येतं.

कागदपत्रांचं फारसं अवघड नाही. शॉप अ‍ॅक्टची नोंद ऑनलाईन होते, उद्यम नोंदणी फुकट असते (एजंट पैसे घेतात), आणि सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी लागतो. क्लासचं ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट’ भिंतीवर लावायला ठीक. परवाना म्हणून ते कुठे चालत नाही.

किटच्या आफ्टरकेअर कार्डावर ‘सात दिवस पाणी नको’ एवढंच असतं, आणि फोन इथूनच सुरू होतात. पहिले तीन दिवस भुवया गडद, पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत पापुद्रे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग गेल्यासारखा, आणि चौथ्या ते सहाव्या आठवड्यात परत वर आलेला, हे तारखा घालून लिहून द्या. नाहीतर बाराव्या दिवशी ‘रंग सगळा उडाला’ म्हणून फोन येतो आणि तुम्ही घाबरून घाईचा टचअप करून बसता. सहा आठवड्यांच्या आत दुसऱ्यांदा सुई लावली तर कोवळ्या कातडीवर व्रण उठू शकतो. केसांना चोपडलेलं तेल कपाळावर ओघळू देऊ नका, खपली धरली असताना थ्रेडिंग नाही, आणि घरच्यांनी सांगितलेली हळदही नाही, हेही कार्डावर मराठीत हवं.

लग्नाच्या नवऱ्या मुलींचं बुकिंग याच वेळापत्रकावर बसवा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, म्हणून पहिली बैठक गणपतीच्या आसपास आणि टचअप दिवाळीच्या आधी. काळपट ओठांना आधी केशरी करेक्टर आणि मग गुलाबी, अशा दोन-तीन बैठका सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने लागतात. ते काम जून-जुलैत सुरू करावं लागतं. लग्नाला तीन आठवडे उरलेले असताना कुणी आली तर नाही म्हणा आणि लग्नानंतरची तारीख द्या. हळदीच्या दिवशी चेहरा चोळला जाणार, त्यात अर्धवट सुकलेल्या भुवया असतील तर ठिपके-ठिपके उमटतात, आणि ते अल्बममध्ये कायमचे राहतात.