सिल्व्हर ब्लूस्ट्रीकची कॉपी: उन्हाळा, पावसाळा, दिवाळी सगळं पाहून झाल्यावर

मार्चमध्ये घेतली होती, आता दिवाळी होऊन गेली, त्यामुळे बोलायला हरकत नाही. बॉक्स फोडल्या फोडल्या लिहिलेले रिव्ह्यू मला पटत नाहीत भो, शोरूममधून निघताना कोणतीही गाडी चकाचकच असते. आमचं जळगावला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, रोज कोणाचा ना कोणाचा दरवाजा रंगवायला असतोच, म्हणून खेळणं हातात घेतलं तरी पहिली नजर रंगावर जाते.

वस्तू काय ते आधी सांगतो. ट्रान्सफॉर्मर्स म्हणजे गाडीचा रोबो होणारी खेळणी, त्यातला हा ब्लूस्ट्रीक, गाडी निसान फेअरलेडी 280झेड, जपानी कंपनी टाकारा टोमीच्या मास्टरपीस (एमपी) सीरिजमध्ये नंबर एमपी-18. माझ्याकडचा ओरिजिनल नाही, त्याची विनानावाची कॉपी आहे, बॉक्सवर कंपनीच लिहिलेली नाही. धुळ्याच्या मित्राकडे ओरिजिनल एमपी-17 म्हणजे पोलीस गाडीवाला प्राउल आहे, तो एक रविवार दुकानात घेऊन आला आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून, मोबाईलचा टॉर्च मारून बघितले.

साचा तोच. वरचा पोलीस लाइट काढला, रंग बदलला, की प्राउलचा ब्लूस्ट्रीक होतो, आणि एमपी-19 स्मोकस्क्रीन पण त्यातलाच. काही लोकांना हे रिपेंट म्हणजे पैसे काढायची युक्ती वाटते, पण हा धंदा पहिल्यापासून असाच आहे. टाकाराने 1980 ला डायक्लोन नावाची खेळण्यांची सीरिज काढली, त्यातल्या गाड्या अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीने घेऊन 1984 ला ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकल्या, आणि तेव्हाच प्राउल आणि ब्लूस्ट्रीक एकाच साच्यातले होते, 1985 ला स्मोकस्क्रीन आला. पोलादी साच्याचाच खर्च एवढा असतो की एका रंगावर तो वसूल होणं अवघड. गंमत म्हणजे तेव्हा कॅटलॉगमध्ये ब्लूस्ट्रीक निळा दाखवला आणि विकला सिल्व्हर, काळं बॉनेट लावून. निळा पाहिजे म्हणणाऱ्यांसाठी मास्टरपीसमध्ये नंतर एमपी-18बी वेगळा काढला. मला सिल्व्हरच आवडतो.

आता मुद्द्यावर. रिपेंट घेताना लोक रंगाची शेड बघतात, फोटोशी जुळवतात, आणि सांधे बघतच नाहीत. अरे, ही गाडी शोकेसमध्ये नुसती उभी राहणारी नाही, ती उलगडते. बॉनेट छाती होतं, दरवाजे पाठीवर पंखासारखे उभे राहतात, म्हणजे प्रत्येक वेळी कुठे ना कुठे एक पार्ट दुसऱ्याला घासत जातो. जिथे प्लास्टिकच त्या रंगाचं ओतलेलं आहे तिथे घासलं तरी काही दिसत नाही. जिथे वरून स्प्रे मारलाय तिथे रंगाची जाडी वाढते, फट तेवढीच राहते, आणि मग जातं काय तर रंग.

माझ्या पीसमध्ये नेमकं हेच झालं. प्लास्टिक राखाडी, त्याच्यावर सिल्व्हर, आणि बॉनेटवर वरून काळा. दरवाजाची पुढची कड जिथे फेंडरला लागते तिथला सिल्व्हर गेलाय, पण खाली राखाडी असल्यामुळे दोन हातांवरून कळत नाही. बॉनेटच्या कडेला मात्र नखाएवढी करडी रेघ पडलीय, काळ्यावर ती लगेच दिसते, आणि छातीच ती, लपवणार कुठे. टपाचा आणि काचेचा पार्ट पारदर्शक प्लास्टिकचा एकच, त्यावरच खांबांना रंग दिलाय, त्या गुळगुळीत प्लास्टिकला प्रायमरशिवाय रंग धरत नाही, तिथे एक टवका उडालाच. प्राउलच्या टपाजवळ टॉर्च नेला तर रंगाची कड ब्लेडने कापल्यासारखी सरळ, माझ्याकडे मास्किंग टेपखालून रंग झिरपलेला. पैशातला फरक तिथे आहे.

मे महिन्याचं वेगळं सांगावं लागेल. आमच्याकडे पारा 44-45 ला जातो हे काही नवीन नाही, त्यात वरची खोली पत्र्याची. एवढ्या गरमीत एबीएस प्लास्टिक वितळत नाही, ते शंभरच्या पुढे नरम होतं, पण रंग मऊ पडतो. गाडी मोडमध्ये दाबून ठेवलेली, उघडायला गेलो तर दरवाजा आणि बाजूचा पार्ट चिकटलेले, सुटताना टर्र आवाज आला. तेव्हापासून उन्हाळ्यात रोबो करूनच ठेवायची, थोडी सैल. कूलरच्या झोतात ठेवू नका, पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि वाळल्यावर पांढरे डाग राहतात. धूळ तर बोलूच नका, मेकअपचा मऊ ब्रश बेस्ट.

आमची आत्या चोपड्याहून आली होती, तिने हातात घेऊन फिरवली आणि विचारलं, "हाई खेयनं कितलाले लीनं रे भाऊ?" साडेतीन हजार म्हटल्यावर हळूच टेबलावर ठेवून दिली.

टच-अप का नाही केला, रंगारी असून? कारण सिल्व्हर मेटॅलिक आहे. त्यात अॅल्युमिनियमची कणी असते, ती स्प्रेत जशी बसते तशी ब्रशने बसत नाही, डब्यातला रंग तोच असला तरी ठिगळ दिसतं. गाडीला आम्ही अख्खा पॅनेल मारतो तो याच्यासाठीच. आणि गॅरेजचा एनसी थिनर एबीएसवर अजिबात लावू नका, प्लास्टिक खातो, बारीक तडे जातात. काळ्या बॉनेटचं सोपं आहे, मॅट वॉटर-बेस्ड अॅक्रिलिक, टोकदार ब्रश, रेघेपुरताच, ते मी या हिवाळ्यात करणार.

बाकी ठीक. घोटे सैल झाले होते, बॉलवर फेविक्विकचा पातळ थर देऊन पूर्ण वाळवला, मगच बसवला, आता घट्ट उभा राहतो. खांद्यावरची लाँचर्स अजूनही नीट बसतात. चाकं फिरतात. डोक्यावरचा लाल व्ही एकदम साफ रंगवलाय, सगळ्या पीसमधलं तेवढंच काम मी गॅरेजमधल्या पोरांना दाखवलं की बघा, कड अशी यायला पाहिजे.

घ्यायची का? घरात लहान पोरं दिवसातून दहादा उलगडणार असतील तर ही नको, त्यापेक्षा प्राउलची कॉपी बघा, फक्त त्याचं पांढरं प्लास्टिक उन्हाने पिवळं पडतं, खिडकीपासून लांब ठेवा. महिन्यातून एखाद वेळेस हात लावणार असाल तर साडेतीनला वसूल आहे. विकणाऱ्याकडून बॉनेटच्या कडेचा आणि टपाच्या खांबांचा जवळून फोटो मागवा, लांबून काढलेला फोटो पाठवला तर सोडून द्या.