काट्या झायत्सिंगर की मारिया ह्योफ्ल-रीश?

दोघी जर्मन अल्पाइन स्कीपटू, म्हणजे बर्फाळ उतारावर स्कीवरून शर्यती करणाऱ्या. दोघींची ऑलिंपिक सुवर्णं तीन-तीन. हंगामभर चालणाऱ्या वर्ल्ड कप मालिकेतल्या शर्यती मात्र काट्याने ३६ जिंकल्या, मारियाने २७.

काट्याची ताकद वेगात. डाउनहिलचं, म्हणजे लांब उतारावरच्या सर्वांत वेगवान शर्यतीचं, सुवर्ण तिने १९९४ला लिलेहामरमध्ये जिंकलं आणि १९९८ला नागानोत राखलं. वेगाच्या शर्यतीत हे फार अवघड, कारण वळणावर स्कीची धार जरा जास्त दाबली गेली तरी गेलेला वेग पुढच्या सपाट पट्ट्यात परत मिळत नाही.

मारियाचा आवाका मोठा. २०१०ला व्हँकुव्हरमध्ये तिने स्लॅलम (जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून झटपट वळणं घेण्याची शर्यत) आणि सुपर कंबाइंड जिंकलं, २०१४ला सोचीत पुन्हा सुपर कंबाइंड. सुपर कंबाइंडमध्ये एकाच दिवशी आधी वेगाची फेरी, मग स्लॅलम. आजच्या नियमांनुसार महिलांची डाउनहिल स्की किमान २१० सेंटीमीटर, स्लॅलमची १५५. लांब स्कीवर वाट पाहायची, आखूड स्कीवर लगेच पाय बदलायचा. काही तासांत शरीराची सगळी लय पालटते.

गुडघ्यांनी दोघींना छळलं. १९९८च्या उन्हाळ्यातल्या दुखापतीनंतर काट्या शर्यतींत परतलीच नाही. मारियाचं २००६चं ऑलिंपिक हुकलं, तरी २०११चा एकूण वर्ल्ड कप (हंगामातल्या सगळ्या शर्यतींच्या गुणांवर मिळणारा) तिने अमेरिकेच्या लिंडसे व्हॉनपेक्षा अवघ्या ३ गुणांनी पटकावला. काट्याकडे असे दोन, १९९६ आणि १९९८चे.

निव्वळ वर्चस्व पाहायचं तर काट्याच. पण स्लॅलम आणि डाउनहिल दोन्ही जिंकणाऱ्या मारियाकडे माझा कल थोडा जास्त आहे.