संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा: दोष डिस्कचा की ड्रायव्हरचा?

विंडोजवर चालणारा संगणक काम करता करता अचानक निळा पडदा (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून काळा) दाखवून पुन्हा सुरू होऊ लागला, की वापरणाऱ्यासमोर साधारणपणे दोन संशयित उभे राहतात. एक म्हणजे ज्या डिस्कवर सगळे साठवलेले आहे ती हार्ड डिस्क किंवा एसएसडी (न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क), आणि दुसरा म्हणजे ग्राफिक्स, वायफाय, आवाज किंवा स्टोरेज यांचा एखादा सदोष ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि ते उपकरण यांची गाठ घालून देणारे सॉफ्टवेअर. दुरुस्तीच्या दुकानात या दोहोंवर बहुधा एकच उपाय सुचवला जातो: ‘फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकू.’ या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. दोष ड्रायव्हरचा असेल, तर तोच ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुन्हा उतरतो आणि काही दिवसांत दुखणे परतते. दोष डिस्कचा असेल, तर त्या डिस्कवर आधीच असलेला आणि कदाचित अजून वाचवता येण्याजोगा डेटा फॉरमॅटमुळे हातचा जाऊ शकतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी आणि काहीही पुसण्यापूर्वी या दोन दोषांमधला फरक ओळखणे आवश्यक आहे.

बिघाड कसा घडतो

ग्राफिक्स, नेटवर्क, स्टोरेज यांचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या पातळीवर, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात, चालतात. वर्ड किंवा ब्राउझर चुकला तर विंडोज तेवढाच प्रोग्राम बंद करते. परंतु गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरने स्मृतीच्या चुकीच्या जागी हात घातला, तर पुढे डेटाची नासाडी होऊ नये म्हणून विंडोज स्वतःहून सगळे थांबवते. निळा पडदा हे अशा थांबण्याचे दृश्य रूप आहे. डिस्कच्या बाबतीत कारण वेगळे असते. विंडोज आपल्या स्मृतीचा काही भाग आणि प्रणालीच्या असंख्य फाइल डिस्कवरून गरजेनुसार वाचत असते. नेमक्या त्या क्षणी डिस्कने वाचून दिलेच नाही, तर गाभ्याला पुढे जाता येत नाही आणि यंत्र थांबते.

बाहेरून दोन्ही प्रसंग किती सारखे दिसू शकतात, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अद्ययावत फाइलमुळे तिचा कर्नल-पातळीवरचा ड्रायव्हर कोसळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. भारतातल्या काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती यंत्रे पुनःपुन्हा सुरू होत आणि पुनःपुन्हा कोसळत होती, आणि कोणत्याही सामान्य माणसाला ‘डिस्क गेली’ असेच वाटले असते. प्रत्यक्षात डिस्कवर ओरखडाही नव्हता. सेफ मोडमध्ये (मोजकेच ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू होण्याच्या पद्धतीत) जाऊन ती एक फाइल काढून टाकली, की यंत्र पूर्ववत होत होते.

लक्षणांची तुलना

फिरती हार्ड डिस्क सहसा एका रात्रीत मरत नाही. आधी यंत्र मंदावते. एखादे फोल्डर उघडताना अर्ध्या मिनिटासाठी सगळे गोठते आणि मग पुन्हा चालू होते. फाइल कॉपी करताना दर वेळी त्याच फाइलपाशी अडकते. कधी आतून टकटक असा आवाज येतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्के दिसतो, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण जुन्या लॅपटॉपवर विंडोजचे अपडेट चालू असतानाही तो तसाच दिसतो. पाहायचे ते शेजारचे आकडे: वापर १०० टक्के, प्रत्यक्ष वेग जेमतेम काही केबी आणि प्रतिसादाला हजारो मिलिसेकंद, असे चित्र सतत राहत असेल तर डिस्कवरचा संशय सार्थ आहे. एसएसडी मात्र अशी पूर्वसूचना देईलच असे नाही. ती चालता चालता अदृश्य होते, यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीत) सापडत नाही, आणि वीज पूर्ण बंद करून पुन्हा दिल्यावर काहीच न झाल्यासारखी परत येते. हे लक्षण मी गंभीर मानतो, कारण प्रत्येक परत येणे शेवटचे असू शकते.

ड्रायव्हरचा दोष मंदावण्याची वर्दी देत नाही. यंत्र उत्तम वेगाने चालत असते आणि एका विशिष्ट कृतीशी बांधल्यासारखे कोसळते: झाकण उघडून लॅपटॉप स्लीपमधून जागा करताना, खेळ किंवा व्हिडिओ सुरू करताना, प्रिंटर किंवा यूएसबी उपकरण जोडताना. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला आणि त्याच सुमारास कोणते अपडेट किंवा नवे उपकरण आले, या एका प्रश्नाचे नीट उत्तर मिळाले तर पुष्कळदा अर्धा तपास पूर्ण होतो. मात्र डिस्कचा दोषही कधी कधी अपडेटच्या वेळीच उघड होतो, कारण अपडेट डिस्कवर एरवीपेक्षा कितीतरी अधिक लिहिते. तेव्हा हा योगायोग पुरावा म्हणून पुरेसा नाही. पुरावा अन्यत्र शोधावा लागतो.

डेस्कटॉपमधल्या जुन्या डीव्हीडी ड्राइव्हबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ओरखडे पडलेली सीडी वाचताना यंत्र अडकत असेल, तर त्या ड्राइव्हची वीज आणि डेटाची केबल काढून काही दिवस काम करून पाहावे. तिच्याशिवाय यंत्र सुरळीत चालत असेल, तर निर्णय झालाच.

पडद्यावरचा मजकूर काय सांगतो आणि काय सांगत नाही

निळ्या पडद्यावर तळाशी दिसणारे संकेतनाम मोबाइलवर टिपून ठेवावे. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असे असेल तर डिस्क किंवा तिची केबल आधी तपासावी. ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ किंवा ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असेल तर ड्रायव्हरकडे वळावे, आणि यातल्या शेवटच्याच्या बाबतीत थेट ग्राफिक्सकडे. सोबत ‘एसवायएस’ प्रत्ययाच्या एखाद्या फाइलचे नाव आले तर ती बहुधा संबंधित ड्रायव्हरची असते, मात्र विंडोजच्या स्वतःच्या कर्नल फाइलचे नाव आले तर त्यातून दोषी कळत नाही. काही संकेतनामे दोन्हीकडे बोट दाखवतात. ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ स्टोरेज कंट्रोलरच्या ड्रायव्हरमुळे येऊ शकते आणि एसएसडीच्या जुन्या फर्मवेअरमुळेही (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमुळेही). ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’ची गतही तशीच.

एका बारकाव्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. कोसळताना विंडोज स्मृतीची नोंद डिस्कवर लिहिते आणि पडद्यावर टक्केवारी वाढत जाते. ती शून्यावरच थांबून राहत असेल आणि नंतर विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंप या उपफोल्डरात एकही फाइल सापडत नसेल, तर लिहिण्यासाठी डिस्कच उपलब्ध नव्हती ही शक्यता बळावते. उलट प्रत्येक वेळी मिनीडंप व्यवस्थित तयार होत असेल, तर कोसळण्याच्या क्षणी डिस्क लिहून घेत होती, आणि ड्रायव्हरचे पारडे जड होते. या फाइल मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत साधनात उघडता येतात, आणि तीनचार फाइलींमध्ये एकाच बाहेरच्या ड्रायव्हरचे नाव आले तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

नोंदी आणि आकडे

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘सिस्टिम’ या नोंदवहीत डिस्कच्या तक्रारी क्रमांकांनी सापडतात. ‘डिस्क’ या स्रोताखालची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक सांगते, ५१ क्रमांकाची पेजिंगच्या (स्मृतीचा भाग डिस्कवर नेण्या-आणण्याच्या) वेळची चूक, तर १५३ क्रमांकाची नोंद म्हणजे वाचण्याचा किंवा लिहिण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. स्टोरेजच्या ड्रायव्हरखालची १२९ क्रमांकाची नोंद सांगते की डिस्क प्रतिसाद देईना म्हणून तिला रीसेट करावे लागले. कोसळण्याच्या आधीच्या मिनिटांमध्ये अशा नोंदींची रांग लागलेली असेल, तर ड्रायव्हर बदलत बसण्यात वेळ घालवू नये. ‘कर्नल पॉवर’ची ४१ क्रमांकाची नोंद मात्र पुष्कळांची दिशाभूल करते. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढाच तिचा अर्थ आहे. बिघाडाचे नेमके कारण तिच्यात सहसा नसते.

डिस्कची स्वतःची प्रकृती स्मार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकड्यांत दिसते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन ते दाखवते. साटा या जुन्या जोडणीच्या डिस्कमध्ये ५ (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे), १९७ (निर्णयाविना लटकलेले सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) हे तीन गुणधर्म पाहावेत. त्यांचे कच्चे मूल्य शून्याहून अधिक असून आठवड्यागणिक वाढत असेल, तर ती डिस्क विश्वासाला पात्र राहिलेली नाही. या साधनात कच्ची मूल्ये मुळात षोडशमान पद्धतीत दिसतात. ती दशमानात बदलून घेतल्याशिवाय घाबरू नये किंवा निर्धास्तही होऊ नये. १९९ क्रमांकाचा गुणधर्म वाढत असेल तर दोष बहुतांश वेळा केबलचा किंवा सैल जोडणीचा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर साटा केबल अगदी किरकोळ किमतीत मिळते, आणि नवी डिस्क घेण्याआधी ती बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या एसएसडीमध्ये हे क्रमांक नसतात. तिथे क्रिटिकल वॉर्निंग, उरलेली राखीव जागा आणि मीडिया एररची संख्या पाहावी.

‘गुड’ असा हिरवा शेरा दिसला म्हणजे डिस्क निर्दोष ठरत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. हजारो डिस्क चालवणाऱ्या बॅकब्लेझ कंपनीने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, निकामी झालेल्या डिस्कपैकी सुमारे २३ टक्के डिस्कच्या पाच महत्त्वाच्या गुणधर्मांत कोणतीही पूर्वसूचना आढळली नव्हती. वाईट आकडा हा पक्का पुरावा आहे, चांगला आकडा तसा नाही.

दोहोंच्या मधले प्रकरण

काही वेळा हार्डवेअर धडधाकट असते, विंडोजचा ड्रायव्हरही ठीक असतो आणि दोष डिस्कच्या आतल्या फर्मवेअरमध्ये असतो. क्रुशियल कंपनीच्या एम४ या एसएसडीचे उदाहरण प्रसिद्ध आहे: एकूण ५१८४ तासांचा वापर पूर्ण झाला की ती प्रतिसाद देणे थांबवी, आणि यंत्र सुरू केल्यावर साधारण दर तासाला कोसळे, जानेवारी २०१२ मधील फर्मवेअरने ते थांबले. अलीकडे, २०२४ च्या ऑक्टोबरात, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० व एसएन५८० या मालिकांतील काही एसएसडी असलेली यंत्रे निळा पडदा दाखवू लागली. डिस्क यंत्राची जी स्मृती उसनी घेते तिचे वाटप नव्या आवृत्तीत वाढले होते आणि डिस्कचे फर्मवेअर ते पेलत नव्हते. उपाय कंपनीच्या नव्या फर्मवेअरमध्ये होता. अशा प्रसंगी विंडोज पुन्हा टाकणे व्यर्थ आहे. त्यामुळे एसएसडी बदलण्यापूर्वी तिच्या कंपनीचे फर्मवेअर तपासणे हा टप्पा कधीही वगळू नये. मात्र तेही बॅकअप घेतल्यावरच.

निर्णय कसा करावा

दोन्ही संशयितांचे पारडे समसमान वाटत असेल, तर शक्यता मोजण्यापेक्षा चुकीची किंमत मोजावी. दोष ड्रायव्हरचा असताना डिस्क बदलली, तर काही हजार रुपये वाया जातात आणि हाती एक चांगली डिस्क तरी उरते. दोष डिस्कचा असताना ड्रायव्हरवर प्रयोग करत राहिलो, तर मुलांचे फोटो, प्रबंधाचा मसुदा किंवा दुकानाचा टॅलीचा डेटा कायमचा जाऊ शकतो. म्हणून मूळ निदान काहीही असो, पहिली कृती एकच: महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर नेणे. विंडोज सुरूच होत नसेल तर उबुंटू लिनक्स या मोफत कार्यप्रणालीच्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून फाइल काढता येतात. डिस्क टकटकत असेल तर तिला वारंवार चालू करण्याऐवजी डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावे. विंडोज ११ मध्ये डिस्क अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, त्यामुळे बिटलॉकर या एन्क्रिप्शन सुविधेची ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आधीच पाहून ठेवावे.

उबुंटूची तीच पेनड्राइव्ह परीक्षा म्हणूनही उपयोगी पडते. तिच्यावर तासन्‌तास काम करूनही यंत्र कोसळले नाही आणि डिस्कवरच्या मोठ्या फाइलही विनातक्रार वाचता आल्या, तर दोष विंडोजच्या बाजूचा आहे. सेफ मोडमध्ये बहुतेक बाहेरचे ड्रायव्हर चढत नाहीत, म्हणून तिथे स्थिर आणि बाहेर अस्थिर असेल तरी निष्कर्ष तोच.

बॅकअपपूर्वी दोन साधनांना हात लावू नये, हा माझा आग्रह आहे. विंडोजचे डिस्क तपासणारे चेकडिस्क ‘आर’ पर्यायासह चालवले तर ते संपूर्ण डिस्क वाचत जाते. मरणासन्न डिस्कवर तेवढा ताण अखेरचा ठरू शकतो. ड्रायव्हर व्हेरिफायर हे विंडोज २००० पासून असलेले साधन ड्रायव्हरांवर कडक निर्बंध लादून दोषी ड्रायव्हरला जाणूनबुजून कोसळायला लावते, आणि दुबळ्या डिस्कवर प्रत्येक अवेळी बंद पडणे नवे नुकसान करते. बॅकअपनंतर मात्र व्हेरिफायर फार गुणकारी आहे. त्यात मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांचेच ड्रायव्हर निवडावेत, आणि यंत्र सुरूच होईना झाले तर सेफ मोडमधून तो रीसेट करावा.

ड्रायव्हर दोषी ठरला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पहिला उपाय. ते बटण फिके असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमक्या आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात अद्ययावत करण्याचे आश्वासन देणाऱ्या सॉफ्टवेअरपासून दूर राहावे, कारण त्यांनी चुकीचा ड्रायव्हर बसवल्यास एका दोषाचे चार होतात. डिस्क दोषी ठरली, तर दुरुस्तीच्या भरीस न पडता ती बदलावी, आणि खराब सेक्टर असलेल्या डिस्कची जशीच्या तशी क्लोन प्रत करण्यापेक्षा नव्या डिस्कवर विंडोज ताजे टाकावे, कारण खराब झालेल्या प्रणाली फाइल क्लोनबरोबर नव्या घरात येतात. वॉरंटीत दिलेली जुनी डिस्क सहसा परत मिळत नाही, तिच्याऐवजी दुसरी मिळते. म्हणून डेटा पूर्ण हाती आल्याची खात्री होईपर्यंत ती जमा करू नये. आणि नव्या डिस्कवर, नव्या विंडोजमध्ये, कंपनीचेच ड्रायव्हर असतानाही यंत्र दर वेळी वेगळ्या संकेतनामाने कोसळत राहिले, तर दोन्ही संशयितांना सोडून रॅम (स्मृती) तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे आणि रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात.