रॅक मिक्सरसाठी टॅब घेताना: आयपॅड की अँड्रॉइड?

बेहरिंगरच्या एक्स३२सारख्या कन्सोलवर, म्हणजे कार्यक्रमाचा आवाज मिसळायच्या टेबलावर, टॅब ही सोय असते. स्टेजवर जाऊन मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर) लावता येतो, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत बसून ऐकता येतं, आणि काही बिघडलंच तर हाताखाली फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या, असतात. त्याच कंपनीच्या एक्सआर१८सारख्या रॅक मिक्सरचं, म्हणजे रॅकमध्ये बसणाऱ्या डब्याचं, तसं नाही. तिथे फेडरच नाहीत, टॅब हाच कन्सोल. म्हणून हा प्रश्न मला मिक्सरच्या निवडीइतकाच महत्त्वाचा वाटतो. मी आयपॅड आणि अँड्रॉइड दोन्हींवर कार्यक्रम केले आहेत, आणि आज माझ्या बॅगेत आयपॅड असतो. सगळ्यांनी तोच घ्यावा असं म्हणणार नाही, पण कारणं सांगतो.

आधी अ‍ॅपचं बघून घ्या. यामाहाच्या सीएल आणि क्यूएल कन्सोलचं स्टेजमिक्स फक्त आयपॅडवर चालतं. अ‍ॅलन अँड हीथच्या जुन्या क्यू मालिकेचं क्यू-पॅडही तसंच. भाड्याने आलेल्या किंवा थिएटरच्या कन्सोलवर काम करायची वेळ येत असेल, तर निर्णय इथेच झाला. साउंडक्राफ्टचे यूआय१६ आणि यूआय२४आर ब्राउझरमध्ये उघडतात, त्यांना कशाचंच वावडं नाही. एक्सआर१८चं स्वतःचं अ‍ॅप दोन्हीकडे आहे, आणि मिक्सिंग स्टेशन हे वेगवेगळ्या कंपन्यांचे मिक्सर चालवणारं अ‍ॅपही दोन्हीकडे आहे. मिक्सिंग स्टेशनवर हात बसला असेल, तर टॅब बदलला तरी काही नव्याने शिकावं लागत नाही.

मग माझं कुठे अडलं? वायफायवर.

आपल्या राउटरला इंटरनेट नसतं. मिक्सर, राउटर आणि टॅब, एवढाच संसार. अँड्रॉइडला असं वायफाय अपुरं वाटतं. जोडताना तो विचारतो की इथे इंटरनेट नाही, तरी राहायचं का? ‘हो’ म्हटलं तरी सिम असलेला टॅब मोबाइल डेटाकडे वळू शकतो, आणि बिनसिमचा टॅब ओळखीचं दुसरं वायफाय दिसलं की तिकडे जाऊ शकतो. एका दिवाळी पहाटेला माझ्या टॅबने तेच केलं. आदल्या संध्याकाळी आयोजकांच्या ऑफिसचं वायफाय त्यावर जोडलं गेलं होतं. गाणं संपलं, निवेदिकेचा म्यूट काढायला बोट ठेवलं, तर अ‍ॅप मिक्सर शोधत बसलेलं. मिक्सिंग रॅकमध्येच होत असल्यामुळे आवाज बंद पडत नाही. आधी जे लावलेलं असतं ते तसंच चालू राहतं. पण म्यूटही तसाच राहतो. निवेदिका बोलत होती आणि सभागृहात शांतता. पहाटे पाचला उठून आलेल्या लोकांसमोर असं होणं मला फार लागलं.

यावर उपाय आहेत. सिम काढा, एअरप्लेन मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवा, बाकीची सगळी नेटवर्क्स ‘फर्गेट’ करा, वायफाय सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर जाण्याचा पर्याय असेल तर तो बंद करा. काही जण सिमचा राउटर वापरतात, म्हणजे इंटरनेट नसल्याची तक्रारच उरत नाही. हे सगळं केलं तर अँड्रॉइड नीट चालतो, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं चालवतात. पण हे पर्याय प्रत्येक कंपनीच्या टॅबमध्ये वेगळ्या ठिकाणी असतात, आणि अपडेटनंतर पुन्हा तपासावे लागतात. फक्त वायफायवाला आयपॅड नेटवर्कच्या नावाखाली ‘इंटरनेट नाही’ असं लिहितो आणि तिथेच राहतो. माझा तरी आजवर राहिला आहे. कार्यक्रमाच्या आधी जी एक धाकधूक असायची, ती त्यामुळे गेली.

आयपॅडलाही त्याच्या खोडी आहेत. चार-पाच बोटांनी एकदम फेडर ओढले की तो ते मल्टिटास्किंगची खूण समजतो आणि अ‍ॅप मागे टाकतो. त्या खुणा सेटिंगमध्ये बंद कराव्या लागतात. ऑटो-लॉक ‘नेव्हर’वर ठेवा. अ‍ॅप पहिल्यांदा उघडताना ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागतं, ती नाकारली गेली असेल तर मिक्सर सापडतच नाही. मात्र हे सगळं एकदाच करायचं असतं.

उन्हाचं मात्र गंभीर आहे. अ‍ॅपल स्वतःच ३५ अंशांपर्यंतच वापरा असं सांगतं. एप्रिल-मे महिन्यात उघड्या मैदानावर दुपारचं साउंड चेक असेल, तर स्क्रीनवर तापमानाची सूचना येते आणि टॅब थंड होईपर्यंत काम थांबतं. अँड्रॉइड टॅब अशा वेळी मंदावतो, पण माझ्या अनुभवात तग धरतो. तुमची बहुतेक कामं विदर्भात किंवा मराठवाड्यात, तीही उन्हात असतील, तर माझा कौल जरा सैल धरा. नाहीतर छत्री आणि सावलीतलं टेबल आधीच मागून घ्या.

वायफायच्या ताकदीत दोघांत मला फरक जाणवला नाही. एक्सआर१८चं आतलं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवरच आहे. रिकाम्या सभागृहात ते झकास चालतं, पण प्रेक्षक खिशातले फोन घेऊन बसले की गर्दी होते. वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर घ्या आणि तो स्टँडवर, लोकांच्या डोक्यांच्या वर ठेवा. टॅबवर खर्च करून राउटरवर काटकसर करू नका.

पैशांचं म्हणाल, तर एका नव्या आयपॅडच्या किमतीत साधे दोन अँड्रॉइड टॅब येतात, आणि जोडीला दुसरा टॅब हवाच. मी साधा, सर्वांत स्वस्त, बिनसिमचा आयपॅड हाती ठेवतो आणि जुना अँड्रॉइड टॅब स्टेजवर मॉनिटरसाठी. तबलजींना ‘पेटी कमी, गायकाचा आवाज जास्त’ हवं असेल तर ते स्वतःच करून घेतात. सेकंडहँड आयपॅड घेणार असाल, तर दुकानातच तुमचं अ‍ॅप त्यावर उतरवून, उघडून बघा. फार जुन्या मॉडेलवर नवी आवृत्ती चढत नाही.