एसयूव्हीची मागची काच: भोसरीतील एका कार्यशाळेचे काम

सोसायटीच्या बागेत गवत कापण्याचे यंत्र सुरू होते आणि आमची गाडी तिथून दहा-बारा पावलांवर उभी होती. पात्याखाली सापडलेला एक खडा उडाला आणि मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बसला. आवाज फार मोठा नव्हता. कढईत फुटाणे तडतडावेत तसा होता आणि तो काही सेकंद सुरूच राहिला. मी गॅलरीतून खाली येईपर्यंत काच चौकटीतच होती, पण तिच्यावर पांढरी जाळी पसरली होती, आणि रखवालदाराने नुसते बोट लावताच मधला भाग आत डिकीत कोसळला. जुलैचा दुसरा आठवडा होता आणि बाणेरवर आभाळ भरून आले होते. प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी लावून आम्ही ती रात्र कशीबशी काढली.

गाडी एका जर्मन कंपनीची सात आसनांची डिझेल एसयूव्ही आहे. कंपनीचे आणि दुकानांचे नाव मी येथे देत नाही, कारण एका गाडीच्या एका कामावरून कोणावर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही. कामाची पद्धत मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना आपल्या गावच्या दुकानात उभे राहून नेमके काय पाहायचे ते कळेल.

पुढची काच फुटली तर ती तडकते, कारण ती दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर घालून बनवलेली असते, आणि लहान तडा असेल तर तो भरूनही घेता येतो. मागची काच सहसा टफन्ड असते. ती ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. पृष्ठभागाचा दाब एका ठिकाणी भेदला गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि संपूर्ण काचेचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. या काचेची दुरुस्ती होत नाही, आणि टफन झाल्यावर तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही. म्हणून ती नेमकी त्याच मॉडेलची आणि त्याच वर्षांच्या आवृत्तीची असावी लागते. चंदेरी पेस्टने छापलेल्या हीटरच्या रेषा आणि कडेची काळी पट्टीसुद्धा त्या भट्टीतच काचेवर भाजली जाते. आमच्या गाडीत रेडिओचा अँटेनाही याच काचेत आहे. समोरून साधी दिसणारी ही वस्तू इतकी महाग का, याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

पहिली चौकशी आम्ही अधिकृत सेवा केंद्रात केली. त्यांनी ९२,००० रुपयांचा अंदाज दिला आणि काच बाहेरून मागवावी लागेल, तीन आठवडे धरून चला, असे सांगितले. ऐन पावसाळ्यात तीन आठवडे प्लास्टिकच्या कागदावर काढणे शक्य नव्हते. दुसरी चौकशी रस्त्याकडेच्या एका दुकानात केली. तिथला माणूस दोन तासांत गाडी हातात देणार होता आणि पैसेही निम्मेच मागत होता, पण कोणते सीलंट वापरता, असे विचारल्यावर त्याने सिलिकॉनची नळी दाखवली. न्हाणीघरातल्या फटी बुजवायला सिलिकॉन ठीक आहे. गाडीची काच पत्र्याला धरून ठेवण्यासाठी पॉलीयुरेथेनचे चिकटद्रव्यच लागते. शिवाय त्याच्याकडची काच गडद रंगाची होती आणि तिच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात रोमन पाचचा आकडा होता. युरोपीय मानकात या आकड्याचा अर्थ असा की त्या काचेतून ७० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत येतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १०० व्या नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश यावा लागतो. बाजूच्या काचांना ही मर्यादा ५० टक्के आहे. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली हे बहुतेकांना ठाऊक असते. कंपनीतूनच गडद बनून आलेल्या काचेलाही प्रकाशाची अट लागू आहे, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील या कार्यशाळेचा पत्ता नाना पेठेतल्या एका सुट्या भागांच्या व्यापाऱ्याने दिला. पत्र्याची शेड, सिमेंटची कोरडी जमीन, भिंतीला टेकून लाकडी घोड्यांवर उभ्या केलेल्या काचा, असे साधे ठिकाण आहे. मालकांनी गाडीचा चासिस क्रमांक मागितला, त्यावरून काच कोणत्या आवृत्तीची ते पाहिले, आणि अँटेनासह आणि अँटेनाविना असे दोन प्रकार असल्याचे समजावून सांगितले. हा प्रश्न त्याआधी कोणीही विचारला नव्हता. गाडीच्या कंपनीला काचा पुरवणाऱ्या युरोपीय उत्पादकाचीच, पण गाडीच्या कंपनीचे चिन्ह नसलेली काच पाच दिवसांत मुंबईहून येईल असे त्यांनी सांगितले. ती सातव्या दिवशी आली. एकूण खर्च ५८,५०० रुपये आला.

विम्याचा विचार आम्ही कागद-पेन्सिल घेऊन केला आणि तो सगळ्यांनी करावा असे मला वाटते. काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर तो ५० टक्के कापला जातो, आणि १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये २,००० रुपये आपल्या खिशातून भरावे लागतात. एवढेच पाहिले तर क्लेम करणे फायद्याचे दिसते. पण आमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, ५० टक्क्यांवर पोहोचला होता, आणि एका क्लेमने तो शून्यावर येऊन पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी परत चढतो. गाडीच्या नुकसानीचा हप्ता सवलतीपूर्वी ७०,००० रुपये धरला, तर ५० टक्क्यांवर परत पोहोचेपर्यंत गमावलेली सवलत ८७,५०० रुपये होते. गाडीचे विमामूल्य दरवर्षी घटत असल्याने प्रत्यक्ष आकडा याहून कमी भरेल. तरीही क्लेम न करता रक्कम स्वतः भरणेच आम्हाला बरे वाटले. ज्यांनी बोनस सुरक्षित ठेवणारे जादा संरक्षण घेतले आहे त्यांचे गणित वेगळे असेल. आमच्या पॉलिसीत ते नव्हते.

कामाच्या दिवशी सकाळी दहाला गाडी आत घेतली. पहिला दीड तास काचेचे तुकडे काढण्यातच गेला. डिकीच्या दाराचे आतले प्लास्टिकचे आवरण उतरवले, तेव्हा दाराच्या पोकळीत तळाशी साचलेला काचांचा खच दिसला. तो तसाच राहिला असता तर दार उघडता-मिटताना खळखळत राहिला असता आणि पाणी निचरण्याची छिद्रेही बुजली असती. कारागिरांनी व्हॅक्यूमच्या नळीला बारीक तोंड लावून तिसऱ्या रांगेच्या आसनांच्या रुळांमधूनही तुकडे ओढून काढले.

त्यानंतरचे काम मी जवळ उभी राहून पाहिले. काच फुटली तरी तिची कड जुन्या चिकटद्रव्याला धरून चौकटीत राहिलेली असते. ती पात्याने सोडवली, आणि मग जुन्या चिकटद्रव्याचा थर पत्र्यापर्यंत न खरवडता एक-दोन मिलिमीटर ठेवून वरून सपाट कापला. नवे पॉलीयुरेथेन रंगापेक्षा या ताज्या कापलेल्या थराला अधिक घट्ट धरते. उजव्या खालच्या कोपऱ्यात पाते जरा खोल गेले आणि नखाएवढ्या जागेत रंग निघून पत्रा चमकला. कारागिराने ते झाकले नाही. त्याने मला बोलावले, टॉर्च धरला आणि म्हणाला, “ताई, इथे पत्रा उघडा पडलाय. प्रायमर लावतो, पण तो सुकेपर्यंत थांबावं लागेल.” त्या जागेवर प्रायमर न लावता काच बसवली असती, तर चिकटद्रव्याखाली गंज धरला असता, एक-दोन पावसाळ्यांत तो पसरला असता आणि गळती सुरू झाल्यावरच आम्हाला कळले असते. या कार्यशाळेवर माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

नवी काच आधी कोरडीच चौकटीत ठेवून पाहिली. चारही बाजूंची फट सारखी झाल्यावर काचेवरून गाडीच्या अंगावर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि त्या फटीवर पात्याने कापल्या, म्हणजे चिकटद्रव्य लावल्यानंतर काच पुन्हा नेमकी त्याच जागी उतरवता येते. मग काचेची काळी पट्टी पुसून तिच्यावर प्रायमरचा हात दिला. ही पट्टी केवळ शोभेची नाही. उन्हातील अतिनील किरणांनी पॉलीयुरेथेन खराब होते आणि ही पट्टी त्याच्यावर सावली धरते. चिकटद्रव्याच्या नळीवरची मुदतीची तारीख कारागिराने न विचारता दाखवली. नळीच्या तोंडाला त्रिकोणी खाच पाडून त्याने काचेच्या कडेने सलग एक उंच धार ओढली आणि तिचा आरंभ व शेवट कोपऱ्यात येऊ दिला नाही. दोघांनी सक्शन कप लावून काच उचलली, कागदी पट्ट्यांशी जुळवली आणि तळहाताने सगळीकडून सारखी दाबली.

संध्याकाळी पाचला काच बसलेली होती, बाहेर पाऊस थांबला होता आणि मला गाडी घरी न्यायची होती. मालकांनी स्पष्ट नकार दिला. “गाडी आज देणार नाही ताई, उद्या दुपारी या.” नळीवर छापलेला अवधी चार तासांचाच होता, पण त्यांचे म्हणणे मला पटले. हे चिकटद्रव्य हवेतील ओलाव्याने बाहेरून आत पक्के होत जाते; जाड धारेचा गाभा घट्ट व्हायला एक दिवस तरी लागतो. त्यातून ही काच मोटरने उघडणाऱ्या जड दारावर आहे. ते दार दरवेळी वर जाते, खाली येते आणि शेवटी कुलपात ओढले जाते. पावसाळी हवेतल्या ओलाव्याचा पक्के होण्याला फायदाच होतो, मात्र चिकटवताना पत्र्यावर पाण्याचा एक थेंबही चालत नाही. त्यामुळे हे काम बंद शेडमध्येच करून घ्यावे. घरी येऊन पार्किंगमध्ये काच बदलून देणारी सेवा पावसाळ्यात मी तरी घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी ताबा घेताना तीन तपासण्या झाल्या. एक मुलगा डिकीत टॉर्च घेऊन बसला आणि बाहेरून साध्या नळीने दहा मिनिटे पाणी सोडले. दाबाच्या पाण्याला दोन दिवस मनाई होती. रेडिओवर १०१ मेगाहर्ट्‌झवर पुण्याची विविधभारती लावून अँटेना जोडलेला असल्याची खात्री केली. हीटरसाठी कारागिराने काचेवर आतून तोंडाची वाफ धरली आणि बटण दाबले. वाफ आडव्या रेषांच्या बाजूने विरत गेली, आणि प्रत्येक रेष कडेपासून कडेपर्यंत मोकळी झाली. एखादी रेष तुटलेली असती तर तेवढी पट्टी धूसरच राहिली असती. ही तपासणी कोणालाही घरी करता येते आणि काच हाती घेताना ती जरूर करावी.

उणिवाही सांगायला हव्यात. वायपर बसवताना त्याची थांबण्याची जागा चुकली आणि पाते काचेच्या खालच्या कडेपासून दोन बोटे वर थांबू लागले. ते दुरुस्त करायला पुन्हा भोसरीला जावे लागले. त्याच खेपेत आसनाखाली सापडलेले आणखी मूठभर तुकडे त्यांनी पैसे न घेता काढून दिले. दोन दिवस दारे आपटू नका आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने काच सरकते, ही सूचना तोंडीच मिळाली. ती बिलावर छापलेली असायला हवी. ग्राहकाला बसायला जागा नाही, आणि काच दोन दिवस उशिरा येणार हे आम्हाला स्वतः फोन केल्यावरच कळले.

या गोष्टी असूनही मी पुन्हा याच ठिकाणी जाईन. ऑगस्टमध्ये ताम्हिणी घाटात चार तास मुसळधार पाऊस झाला. उतरल्यावर मी डिकीतला गालिचा उचलून खालच्या कोपऱ्यात हात फिरवला, तो कोरडा होता. बिलावर एक वर्षाची हमी आहे, पण ती फक्त गळतीसाठी लिहिलेली होती. हीटरच्या रेषा आणि अँटेनाची जोडणी मी आग्रह धरल्यावर मालकांनी पेनाने त्याखाली लिहून दिली आणि सही-शिक्का केला.