पद्मिनीचं हेड, टर्बो आणि उद्यमनगरातले मामा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी पद्मिनीचं (प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुन्या फियाटचं) सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचं व्हॉल्व्ह बसवलेलं वरचं झाकण, कामाला टाकलं होतं. हेड परत आलं, इंजिन जोडलं, ११ तास चालवलं आणि मगच हे लिहायला बसले. वर्कशॉपचं नाव देत नाही, कारण मालकांनीच नको म्हणून सांगितलंय. हातात दोन महिन्यांची कामं पडलेली आहेत आणि माणसं दोनच, ते आणि त्यांचा पुतण्या. मी त्यांना मामा म्हणते, तसंच इथेही लिहिते.

आधी गाडीबद्दल. बाबांची १९८४ ची पद्मिनी आमच्या सांगलीच्या घरी जशीच्या तशी उभी आहे, तिला मी हात लावलेला नाही. हे इंजिन आहे मुंबईत नोंदणी रद्द झालेल्या एका टॅक्सीचं. गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, म्हणून ही गाडी रस्त्यावर येणार नाही. ट्रेलरवरून बंद ट्रॅकवर जाईल आणि तशीच परत येईल. इंजिन १०८९ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. सिलिंडरमध्ये नव्या नळ्या (स्लीव्ह) घालून बोअर मी परत ६८ वर आणून घेतला होता. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो बसवलाय फियाटच्या मल्टिजेट डिझेलवरचा छोटा केपी३५, भंगारात मिळालेला. फियाटच्या इंजिनावर फियाटच्याच इंजिनाचा टर्बो, याचं मला फार समाधान आहे. दाब ठरवला होता ०.४ बार, त्यापुढे नाही.

मामांच्या आधी हेड दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे मला दोन गोष्टी सांगितल्या: पोर्ट (हवा आत-बाहेर जायच्या वाटा) मोठे करून आरशासारखे चमकवून देतो आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) कमी करायला हेडखालची दोन गॅस्केट एकावर एक घाला. ॲडव्हान्सही घेतला. दीड महिन्याने हेड जसंच्या तसं परत आलं, ॲडव्हान्स आला नाही. आज वाटतं, काम झालं नाही तेच बरं झालं.

मामांनी हेड टेबलावर उलटं ठेवलं, सरळ पट्टी आडवी-तिरपी लावली आणि फट मोजायचा फिलर गेज सरकवला. मधोमध ०.१४ मिलिमीटर पोक. टॅक्सीचं हेड, किती वेळा तापलं असेल आणि किती वेळा फेसिंग (खालची बाजू कापून सपाट करणं) झालं असेल कुणास ठाऊक. मग मला विचारलं, "मॅडम, टर्बो किती दाबाचा?" मी सांगितलं. म्हणाले, "मग पोर्ट मोठं करून काय करणार? हवा टर्बो ढकलणारच हाय की. आपलं काम एवढंच, ती आत आल्यावर हेडनं दगा द्यायचा न्हाई." त्या क्षणी ठरवलं, काम इथेच.

त्यांच्या भिंतीवर पद्मिनीचंच एक तडकलेलं हेड टांगलेलं आहे, करवतीने उभं कापलेलं. पाणी कुठून फिरतं, कुठे ॲल्युमिनियम जाड आहे आणि कुठे पातळ, सगळं उघडं दिसतं. कुठली जागा कोरायची आणि कुठे थांबायचं हे मामा त्या तुकड्यावर बोट ठेवून दाखवतात. एवढी साधी आणि एवढी उपयोगी वस्तू मी आजवर कुठल्याच वर्कशॉपमध्ये पाहिली नव्हती. मी तंत्रनिकेतनात शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा असा छेद नाही.

आता खरं काम. हेड वारंवार कापलं गेलं की ज्वलनकक्ष लहान होत जातो आणि कॉम्प्रेशन गुपचूप वाढतं. टर्बोला नेमकं उलटं हवं असतं. फेसिंग आधी आणि मोजमाप नंतर, हा क्रम मामांनी पाळला, कारण फेसिंगमध्येही कक्षाची जागा थोडी कमी होतेच. ते सिरिंजने मोजायचे. मी ५० मिलीची काचेची ब्युरेट विकत घेऊन गेले, ॲक्रिलिकच्या तुकड्याला भोक पाडलं, कडेला ग्रीस लावलं आणि लाल रंग मिसळलेलं रॉकेल सोडलं. पिस्टन वर असताना उरणारी जागा आणि गॅस्केटची जाडी मी घरीच मोजून ठेवली होती. सगळं मिळून एक नंबर सिलिंडरला ३५.६ सीसी, दोनला ३६.९, तीनला ३६.१, चारला ३६.४. एका सिलिंडरचं आकारमान २७२.४ सीसी, म्हणजे एक नंबरचं कॉम्प्रेशन ८.६५ आणि दोन नंबरचं ८.३८. एकाच इंजिनात एवढा फरक! दाब वाढल्यावर पहिला ठोका (पेट्रोल नको तसं भडकून बसणारा हादरा) एक नंबरच देणार आणि बाकीचे तीन त्याच्यासोबत जाणार.

मला ७.८ हवं होतं, म्हणजे प्रत्येकी ४० सीसीच्या आसपास. मामांनी हेडवर निळा रंग लावला, गॅस्केट ठेवून सुईने रेघ मारली आणि त्या रेघेच्या आतच काम केलं. व्हॉल्व्हच्या कडेला खेटून उभी असलेली भिंत थोडी मागे सारली. त्यामुळे जागाही वाढते आणि व्हॉल्व्ह नुकताच उघडत असताना हवेला वाटही मिळते. थोडं कोरायचं, मोजायचं, परत कोरायचं. दोन संध्याकाळी मी शेजारी स्टुलावर बसून आकडे लिहीत होते. शेवटी चारही सिलिंडर ४०.० ते ४०.२ मध्ये आले. दुसऱ्या संध्याकाळी "मॅडम"चं "पोरी" झालं होतं. ब्युरेट मी तिथेच ठेवून आले.

कक्षातली प्रत्येक धारदार कड त्यांनी बोटाला लागणार नाही इतकी गोल केली. पातळ धार लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. प्लगच्या भोकात डोकावणारा आट्याचा अर्धा वेढाही काढला. प्लग मी एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, घेतला. (बॉशमध्ये आकडा कमी तेवढा प्लग थंड, एनजीकेमध्ये बरोबर उलटं. इथे चूक करू नका, पिस्टन जाईल.)

सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) आणि गाईड (व्हॉल्व्हची दांडी धरणारी नळी) हा खर्चाचा मोठा भाग. हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं, आणि ते पेट्रोल २००० साली बंद झालं. जुन्या एक्झॉस्ट सीट खोल बसलेल्या होत्या. मामांनी कठीण लोखंडाच्या नव्या सीट रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या, हेड भट्टीत गरम केलं आणि एकेक सीट हाताने सोडली. ठोकाठोक नाही. तीन कोनांत घासून इनटेकची (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) बसण्याची पट्टी १.२ मिलिमीटर ठेवली, एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्याची) १.७. मी म्हटलं, एक्झॉस्टचीही बारीक केली तर हवा जास्त जाईल ना? म्हणाले, "व्हॉल्व्हचं तापमान ह्या पट्टीतनंच बाहेर पडतं. पट्टी बारीक केलीस तर व्हॉल्व्ह जळल." टर्बोच्या इंजिनात मला हाच विचार हवा होता.

पोर्टला त्यांनी फक्त सीटच्या खालचा खांदा मिळवून घेतला आणि मॅनिफोल्डची (हेडला जोडणाऱ्या नळ्यांची) तोंडं जुळवली. इनटेक मुद्दाम खरबरीत ठेवलं, कारण कार्बोरेटरचं पेट्रोल गुळगुळीत भिंतीवरून ओघळ धरतं. एक्झॉस्ट मात्र गुळगुळीत, काजळी कमी धरावी म्हणून. फेसिंगमुळे हेड खाली आलं, म्हणून रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) स्टँडखाली किती शिम, म्हणजे पातळ चकती, घालायची तेही चिठ्ठीवर लिहून दिलं. हे मी विचारलेलं नव्हतं.

तक्रारी आहेत. आठ दिवस सांगितले आणि २३ दिवस लागले. फोन उचलत नाहीत. पुतण्याला मेसेज टाकावा लागतो आणि उत्तर रात्री दहानंतर येतं. सगळ्यात गंभीर म्हणजे हेड गोणपाटात गुंडाळून दिलं, धुतलेलं नव्हतं. पाण्याच्या वाटांमधून मी चमचाभर ॲल्युमिनियमचा कीस काढला. ऑइलच्या वाटेत तो राहिला असता तर रॉकर शाफ्टपासून बेअरिंगपर्यंत सगळं गेलं असतं. मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सबबी सांगितल्या नाहीत. तरी तुम्ही नेलंत तर घरी आणून गरम पाणी, साबण आणि बाटलीच्या ब्रशने प्रत्येक भोक धुवा, हवा मारा, परत धुवा.

एकूण बिल १४,६०० रुपये: फेसिंग, चार एक्झॉस्ट सीट, आठ गाईड, कक्षाचं काम आणि व्हॉल्व्ह घासणं. व्हॉल्व्ह आणि गॅस्केट माझे. पावती हाताने लिहिलेली, पण प्रत्येक माप त्यावर आहे.

जोडल्यावर गेजने मोजलेला चारही सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा दाब १२८, १३०, १३०, १२७ पीएसआय. पहिल्यांदा तापून गार झाल्यावर हेडचे नट परत आवळले. ०.४ बारला, टायमिंग (ठिणगीची वेळ) थोडं मागे घेऊन, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी ठोका नाही. ११ तासांनंतर प्लग काढले तर चारही एकाच रंगाचे, फिकट तपकिरी. त्यांचा फोटो मामांना पाठवला. रात्री सव्वादहाला उत्तर आलं: "एक नंबर. आता दाब वाढवू नको." पुढच्या महिन्यात बाबांच्या गाडीचं मूळ हेड घेऊन जाणार आहे. त्याला टर्बो नाही, फक्त सीट आणि गाईड.