बारा महिन्यांचा किराणा आणि कोरी पडलेली बिलं

गणपतीत पाहुण्यांच्या चहाच्या वेळीच विजेची किटली बंद पडली. बटण खाली राहीना, दाबलं की लगेच वर. महिन्याचा किराणा आणते त्याच सुपरमार्केटातून जानेवारीत घेतलेली, 849 रुपयांची, वर्षाची वॉरंटी. मी निर्धास्त होते, कारण बिल जपून ठेवलं होतं. माझ्याकडे फाईल आहे, महिन्यावार प्लास्टिकचे कप्पे आहेत. जानेवारीचा कप्पा उघडला, तर आत पांढरा कागद. वरच्या टोकाला दुकानाच्या नावाची पुसटशी सावली आणि तळाशी बारकोडचे चारदोन दांडे. मधलं सगळं गेलेलं.

त्या दिवशी फाईल मांडीवर घेऊन एकेक कप्पा तपासला. नोव्हेंबर 2024 ते मार्च, पाचही महिन्यांची बिलं जवळजवळ कोरी. एप्रिल-मेची अर्धवट. जूनपासून पुढची वाचता येत होती. त्या दुकानातल्या बारा महिन्यांच्या खरेदीचा हा अनुभव लिहायला घेतला तो या कागदांमुळे, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच लिहिते. डाळ-तांदळाचे भाव नंतर.

दुकानाचं नाव देत नाही. डोंबिवलीत राहणाऱ्यांना सवलतीची मोठी सुपरमार्केटं माहीत आहेत आणि बिलाचा हा प्रकार बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. आम्ही घरात चौघं. मी, हे, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दुकान उघडताना जायचं, यादी वहीत लिहून न्यायची, घरच्या कापडी पिशव्या न्यायच्या, असा माझा नेम. रिक्षाला जाऊन-येऊन 90 रुपये पडतात आणि तेही मी हिशोबात धरते.

आता तो कागद. ही बिलं शाईने छापलेली नसतात. कागदाला उष्णतेने काळा होणारा लेप असतो आणि यंत्रातल्या गरम टोकाने अक्षरं उमटतात. घरातलं कुठलंही बिल घ्या आणि नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद. उन्हाने, तेलकट हाताने, सॅनिटायझरने ही अक्षरं उडतात आणि मऊ प्लास्टिकला चिकटून राहिली तर आणखी लवकर उडतात. म्हणजे मी काळजीने कप्प्यात घातलेली बिलं त्या काळजीनेच गेली. ऑगस्टचं एक बिल चुकून यादीच्या वहीत राहिलं होतं. ते आजही स्वच्छ वाचता येतं, फक्त घडीवरचा आकडा पुसट झालाय.

शेजारच्या वहिनींनी सांगितलं की इस्त्री फिरवली तर अक्षरं परत दिसतात. मी आधी फेब्रुवारीच्या बिलावर करून पाहिलं. इस्त्री टेकवली मात्र, कागद कडेपासून आतपर्यंत काळा पडला आणि होतं नव्हतं तेही गेलं. कुणी हा उपाय सांगितला तर करू नका.

किटलीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तारीख असलेलं बिल मागितलं, आणि त्यांचं बरोबरच आहे. मग दुकानाच्या ग्राहक सेवा काउंटरवर गेले. कोरा कागद पुढे ठेवला.

“मॅडम, बिल आणा. बिलाशिवाय काही करता येत नाही.”

“दादा, हेच बिल आहे. तुम्हीच दिलेलं.”

त्याने कागद उजेडात धरला, उलटसुलट केला आणि परत दिला. मोबाइल नंबरवरून बिल सापडतं म्हणाला, पण मी नंबर कधी दिलेलाच नाही. ग्राहकाने नंबर दिलाच पाहिजे अशी सक्ती करू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 च्या मे महिन्यात दुकानदारांना दिली होती. ती वाचल्यापासून मी काउंटरवर नंबर सांगत नाही. ते माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. माझ्या सामानाचा पुरावा मिळावा म्हणून मी माझा नंबर का द्यावा?

त्या दिवशी मी रागाने घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले की या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. तेव्हाच लिहायला बसले असते तर हा लेख चार ओळींत संपला असता.

राग ओसरल्यावर यांनी आठवण करून दिली की पैसे यूपीआयने दिले होते. बँकेच्या ॲपमध्ये जानेवारीची तारीख, वेळ आणि रक्कम सापडली. तो तपशील कागदावर लिहून दुसऱ्यांदा गेले. साहेब सुट्टीवर होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काउंटरवर एक मुलगी होती. तिने शांतपणे तारीख आणि रक्कम घालून यंत्रात शोध घेतला आणि सात-आठ मिनिटांत माझं बिल काढून दिलं, अगदी पोह्यांच्या पाकिटासकट. म्हणजे नोंद होतीच. असायलाच हवी, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे दुकानाला आपली हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने सांभाळावी लागतात. दुकानाकडची नोंद सहा वर्षं टिकते आणि ज्याने पैसे मोजले त्याच्या हातातला कागद सहा महिन्यांत कोरा होतो. मला राग याचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. मग बिल द्यायचं, पण ते वॉरंटीभरही टिकू नये, याचा काय उपयोग?

दुसरी प्रतही त्याच कागदावर मिळाली. तिथून मी सरळ झेरॉक्सच्या दुकानात गेले. सर्व्हिस सेंटरने झेरॉक्स चालवून घेतली आणि बटण फुकट बदलून दिलं. किटली आता नीट चालते आहे.

माझी आई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. 1975 साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत या भागातल्या खूप घरांना माहीत आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ, सगळ्यांची महिन्याची मागणी एकत्र, आणि ठरल्या दिवशी एकाच्या घरी सामान उतरलं की सगळ्यांनी मिळून वाटप करायचं. आमच्या घरी वाटप असलं की हॉलभर गुळाचा आणि साबणाचा वास मिसळून राहायचा. आई मागणी भरताना स्वतःसाठी कार्बन घालून प्रत ठेवायची. मागच्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा मुद्दाम ती पेटी उघडून घेतली. नव्वदच्या दशकातल्या निळ्या अक्षरांच्या त्या प्रती आहेत. साबुदाणा अर्धा किलो, शेंगदाणे दोन किलो, पुढे आईची खूण. एकही अक्षर गेलेलं नाही.

कुणी म्हणेल, किराण्याचं बिल जपून करायचंय काय? मला त्याचं काम पडतं. मी भाव ताडून बघते आणि बिल नसेल तर त्यातलं काही जमत नाही.

तेलाचंच बघा. पूर्वी पिशवी म्हणजे एक लिटर असं डोक्यात पक्कं होतं. आता मापं ठरावीक राहिलेली नाहीत आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या पिशव्यांत वेगवेगळं वजन असतं. एक लिटरच्या पिशवीवर 910 ग्रॅम लिहिलेलं होतं, भाव 142 रुपये. बाजूची 135 ला, मोठ्या अक्षरात सवलत लिहिलेली, वजन 850 ग्रॅम. म्हणजे पहिली 100 ग्रॅमला 15 रुपये 60 पैसे आणि दुसरी 15 रुपये 88 पैसे. सात रुपयांनी स्वस्त दिसणारी पिशवीच महाग निघाली, आणि मी तीन महिने तीच आणत होते! पाकिटावर प्रति ग्रॅम किंमत छापलेली असते, पण ती एमआरपीवर काढलेली असते, दुकानाच्या सवलतीच्या भावावर नाही. त्यामुळे भागाकार आपणच करायचा. मोबाइलमध्ये दहा सेकंद लागतात.

डाळीचं मला बिलातूनच कळलं. बिलाच्या तळाशी कराचा तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे. सुट्ट्या मालावर नाही. त्याच दुकानात ड्रममधली डाळ पावड्याने पिशवीत भरून वजन करून घेतली की कर शून्य. दुकानाच्या पाकिटातली तूरडाळ आणि ड्रममधली तूरडाळ मी घरी ताटात शेजारी शेजारी ओतून पाहिली. दाणा सारखाच, पाकिटातल्या डाळीत चुरा थोडा कमी. तेव्हापासून सुटीच आणते.

22 सप्टेंबर 2025 ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट, अंगाचा साबण, शॅम्पू, केसांचं तेल, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली आणि तूप-लोणी 12 वरून 5 वर. 118 ची वस्तू 105 ला मिळायला हवी, असा साधा हिशोब. पण शेल्फवर जुन्या एमआरपीची पाकिटं होती आणि कमी झालेला दर फक्त बिलात दिसत होता. ऑक्टोबरचं बिल आणि वहीत टिकून राहिलेलं ऑगस्टचं बिल मी समोरासमोर ठेवलं. टूथपेस्ट, साबण, बिस्किटं, तिन्हींचा भाव बरोबर उतरलेला होता. दुकानाने यात प्रामाणिकपणा दाखवला आणि हे मला आनंदाने लिहायचं आहे. कपडे धुण्याच्या पावडरीचा भाव उतरला नाही म्हणून मी विचारायला जाणार होते, पण तिच्यावरचा 18 टक्के कर तसाच आहे. ऑगस्टचंही बिल कोरं असतं तर हे मी कशावरून पडताळलं असतं?

भावफलक आणि बिल यांत फरक मला वर्षात दोनदा सापडला. एकदा पोहे फलकावर 52 आणि बिलात 58. काउंटरवर दाखवल्यावर लगेच सहा रुपये परत दिले. दुसऱ्यांदा घरी आल्यावर लक्षात आलं, 11 रुपयांसाठी 90 रुपयांची रिक्षा परवडणार नव्हती. म्हणून आता दाराबाहेर पडायच्या आधी ट्रॉली बाजूला लावून पूर्ण बिल वाचते. मागच्या लोकांना अडचण होते, पण पाच मिनिटं लागतातच.

वर्षाचा हिशोब असा. जे सामान मी कोपऱ्यावरच्या काकांकडून नाहीतरी घेतलंच असतं, तेवढंच धरलं. बारा महिन्यांत 6,340 रुपये वाचले. बारा फेऱ्यांची रिक्षा 1,080. किटलीसाठीच्या तीन फेऱ्या 270. हातात राहिले 4,990. ही बचत खरी आहे आणि आमच्या घरात तिला किंमत आहे. मुलाच्या सराव परीक्षांची फी त्यातून भरली. बचत मुख्यतः साबण, पावडर, पेस्ट, चहा, तेल यांवरची. शेंगदाणे, भगर, नारळ, गूळ काकांकडेच चांगले मिळतात. वर्षाचे गहू आम्ही उन्हाळ्यात वेगळे भरतो, त्यामुळे त्यांचा इथे संबंध नाही. गर्दी, रांगा, ट्रॉलीचं अडकणारं चाक यांबद्दल सगळ्यांना माहीत आहे.

काकांकडचा एक फरक मात्र सांगते. मेमध्ये त्यांच्याकडच्या चवळीत किडे निघाले. मी डबा घेऊन गेले. “ताई, चिठ्ठी राहू द्या, मी ओळखतो माझी चवळी,” असं म्हणून त्यांनी दुसरी तोलून दिली. त्यांच्या चिठ्ठ्या चौकटीच्या वहीच्या पानावर बॉलपेनने लिहिलेल्या असतात. माझ्या फाईलमध्ये त्या सगळ्या शाबूत आहेत, गेल्या पाच वर्षांच्या.

मी दुकान सोडलेलं नाही. वॉरंटीची कुठलीही वस्तू घेतली की त्याच दिवशी झेरॉक्स काढते, दोन रुपये जातात. बाकी बिलांचे दारातच मोबाइलवर फोटो घेते आणि मूळ कागद वहीच्या पानांत ठेवते, प्लास्टिकमध्ये नाही. पैसे यूपीआयनेच देते, म्हणजे तारीख आणि रक्कम कुठेतरी राहते.

दिवाळीच्या सामानाला गेले तेव्हा दुकानाच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज दिला. वॉरंटीच्या वस्तूंचं बिल साध्या कागदावर शाईने छापून द्या, आणि मोबाइल नंबर न देणाऱ्या ग्राहकालाही तारीख-रक्कम सांगितल्यावर पहिल्याच फेरीत दुसरी प्रत मिळू द्या, एवढ्या दोन मागण्या. पोच म्हणून ते तिथल्याच यंत्रातून पावती काढून देत होते. मी ती घेतली नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर बॉलपेनने त्यांची सही आणि तारीख घेतली, शिक्का मारून घेतला, आणि ती काकांच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सामानाला जाईन तेव्हा विचारणार आहे.